लाभुफई किती दिवस राहणार

समजा, तुम्ही अमरेलीकडच्या एका गावात राहता, मुलगा सुरतेत आहे आणि थंडीत तुम्हाला त्याच्याकडे जायचं आहे. किती दिवस राहायचं ते ठरवा. घाई नाही, बस संध्याकाळची आहे.

दोन दिवस म्हणालात तर सून म्हणेल, आमच्याकडे काय कमी पडलं? महिना म्हणालात तर ती काहीच म्हणणार नाही, आणि ते जास्त वाईट. शिवाय सुरतेत तुमचं अर्धं गाव राहतं. वराछापासून योगी चौकापर्यंत प्रत्येकाकडे एकेकदा जेवावं लागतं. एकाकडे जेवलात आणि त्याच्या भावाकडे नाही जेवलात, तर तो भाऊ दिवाळीला गावी आल्यावर तुमच्या दारावरून मान फिरवून जाईल. हे सगळं जमवून तुम्ही एक आकडा काढलात, तरी तो कुणाला सांगता येत नाही. आमच्याकडे पाहुण्याला किती दिवस राहणार हे विचारत नाहीत. ते कधी जाणार असं विचारल्यासारखं होतं. पाहुणाही आपण होऊन सांगत नाही.

मग कळतं कसं, तर सामानावरून. पाहुणा आला की घरातलं कुणीतरी धावत खाली जातं आणि त्याच्या हातातून पिशवी काढून घेतं. लोकांना वाटतं हा आदर आहे. आदर आहेच, पण जिना चढेपर्यंत वजनही कळतं.

सामानात सगळ्यात खरं बोलतं ते बाजरीचं पीठ. आमच्याकडची बाई मुलाकडे जाताना गावची बाजरी नेतेच, सुरतच्या बाजरीला चव नसते अशी सगळ्यांची खात्री आहे. आणि बाजरीचं पीठ टिकत नाही. थंडीत आठ-दहा दिवस बरं राहतं, मग कडू होतं. त्यामुळे बाई जेवढे दिवस राहणार तेवढंच पीठ आणते. सून डबा भरताना पिठाकडे एक नजर टाकते, तिला आकडा समजतो आणि कुणाला तोंड उघडावं लागत नाही.

लाभुफई माझ्या वडिलांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या. तिचा मुलगा रसिक वराछात हिरे घासतो. मी त्याच्याच इमारतीत एक मजला वर राहतो. फई दर थंडीत यायची, आठवड्याचं पीठ घेऊन. आठवडा संपत आला की म्हणायची, "आता निघायला पाहिजे, माझ्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही." रसिकची बायको चेतनाभाभी म्हणायची, "बा, म्हशीला फोन देऊ का?" सगळे हसायचे आणि फई निघायची. तिचे यजमान वालजीफुआ गावी असायचे, धारही तेच काढायचे, पण हे कारण कुणी तपासून पाहत नसे. निघायला एक कारण लागतं आणि म्हैस हे चांगलं कारण होतं.

गेल्या श्रावणात वालजीफुआ गेले. तेराव्याला अंगण भरलेलं असताना रसिक म्हणाला, "बा, आता तू सुरतला चल. तिथेच राहा." चेतनाभाभीही म्हणाली, "चलाच बा." फईने मान हलवली, पण ते धरलं नाही. तेराव्याला, चार माणसांत, मुलगा दुसरं काय म्हणणार? म्हैस दिराकडे गेली. शेत वाट्याने दिलं. घरात फई आणि एक झोपाळा राहिला.

दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा ती शेंगा निवडत बसली होती. मी विचारलं, "फई, मग जाताय का सुरतला कायमच्या?"

"मला जायचंय की नाही ते नंतर," ती म्हणाली. "चेतनाला मी हवी आहे का, ते आधी कळायला पाहिजे."

"विचारा की तिला."

फई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू इंजिनीयर झालास ना?"

"हो."

"मग ठीक आहे," म्हणाली, आणि पुन्हा शेंगा निवडायला लागली.

पौषात ती आली. पिशवी आणायला मीच खाली गेलो होतो. उचलली आणि माझा हात खांद्यातून खाली आला. वर नेऊन स्वयंपाकघरात ठेवली, चेतनाभाभीने पिशवीचं तोंड सोडलं, आत हात घातला आणि ती थांबली. आत पीठ नव्हतं. दाणे होते, निवडलेले, स्वच्छ, अर्धं पोतं बाजरी.

इथे काय झालं ते नीट सांगायला हवं. दाणे कडू होत नाहीत. दाणे पावसाळ्यापर्यंत राहतात. जी बाई दाणे घेऊन येते ती किती दिवस राहणार हे तिच्या पिशवीवरून सांगता येत नाही, ते दळणारीने ठरवायचं असतं. तिने थोडे थोडे दळले तर याचा अर्थ, राहा. फईने गावी बसून हा विचार केला होता आणि तो मला नंतर एकदम साधा हिशेब सांगावा तसा सांगितला. आयुष्यात तिने कुणाला इतका धीट प्रश्न विचारला नव्हता.

चेतनाभाभी म्हणाली, "बा, दाणे आणलेत?"

फई पाणी पीत होती. भांडं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "हो गं. आपल्या गिरणीचा पट्टा तुटलाय. दळायचं राहून गेलं."

पट्टा तुटला नव्हता. मी दोन दिवसांपूर्वीच माझ्या आईशी फोनवर बोललो होतो, मागे गिरणीचा आवाज येत होता. पण फईला ऐन वेळी लाज वाटली. प्रश्न विचारून झाला आणि लगेच तिने त्यावर हात ठेवला.

"अच्छा," चेतनाभाभी म्हणाली. "पट्टा तुटला."

दुसऱ्या दिवशी रसिक कारखान्यात गेल्यावर चेतनाभाभीने घरघंटी लावली. फई बैठकीत पाटावर बसून तूर सोलत होती. माझी दुपारची पाळी होती म्हणून मी चहाला खाली आलो होतो. घरघंटी सुरू झाली तसे फईचे हात थांबले. थोडं दळून होईल आणि बंद पडेल, असं तिला वाटत होतं. मी बशीतला चहा संपवला. घरघंटी चालूच होती. फईने एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले, टरफलं वाटीत टाकली.

"काय करतेय ती?" तिने मला विचारलं.

"दळतेय."

"ते ऐकू येतंय."

बऱ्याच वेळाने आवाज थांबला. चेतनाभाभी भुवयांपर्यंत पिठाने माखून बाहेर आली आणि म्हणाली, "झालं बा. सगळं दळून टाकलं. आता काळजी नाही."

"चांगलं केलंस," फई म्हणाली.

ती गेल्यावर फईने मला हळूच विचारलं, "कसली काळजी म्हणाली ती?"

पिठाचे दोन मोठे डबे भरले होते आणि तिसऱ्याला झाकण बसत नव्हतं. फईच्या मते उत्तर मिळालं होतं. सगळं दळलं, म्हणजे आठ-दहा दिवसांत संपवा आणि निघा. तिने ते मनाला लावून घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. तिने ते काम म्हणून घेतलं. दुपारी रोटला, म्हणजे बाजरीची भाकरी, रात्री रोटला. सकाळी चहाबरोबर आदल्या रात्रीचा रोटला चुरून दुधात. पोळ्या नको म्हणायची, भात पचत नाही म्हणायची. सहासष्टाव्या वर्षी ती जेवढे रोटले खात होती तेवढे मी कामावरून उपाशी आलो तरी खात नाही.

मला वाटलं चेतनाभाभी खूश होईल. पण तिने गव्हाची पोळी जास्त करायला सुरुवात केली. मग खिचडी-कढी. मग एके दिवशी तापीकाठचा पोंक आणला, आपला हुरडाच तो, आणि म्हणाली, "बा, आज रोटला नको, पोंक खा, सीझन जाईल." फई म्हणाली, "पोंकाबरोबर रोटला चालतो." पोंकाबरोबर रोटला कुणी खात नाही. त्या दिवशी फईने खाल्ला.

त्या घरात एक बाई पीठ संपवत होती आणि दुसरी पुरवून वापरत होती, आणि दोघी एकमेकींशी फार गोड बोलत होत्या. रसिक मध्ये बसून जेवत होता. मी त्याला एकदा गच्चीत गाठून विचारलं, "रसिकभाई, फई राहणार आहेत का?"

"तिचंच घर आहे," तो म्हणाला.

"म्हणजे राहणार?"

"मी कुठे नाही म्हणतोय?"

त्याच्याकडून एवढंच निघालं.

सुरतेतल्या गाववाल्यांची आमंत्रणं यायला लागली. ती चेतनाभाभी फोनवरच परतवायची. "बांना सर्दी आहे, पुढच्या आठवड्यात बघू." फईला सर्दी नव्हती. ती मला म्हणाली, "मला लोकांत नेत नाही. आता विधवा झाले ना." मी म्हणालो, तसं नसेल. ती म्हणाली, "मग काय असेल ते सांग."

शेवटी आमंत्रणाची वाट न बघता खालच्या मजल्यावरची वसनमासी स्वतःच वर आली. ती आमच्याच गावची, फईची बालमैत्रीण, तोंडाने फटकळ. चप्पल काढता काढताच म्हणाली, "काय गं लाभु, या वेळी पोतं घेऊन आलीस म्हणे. घर विकलंस की काय?"

"विकीन तेव्हा तुला आधी विचारीन. तुझ्याकडे साड्या उधारीवर घेणारे बरेच येतात."

"येतात, पण चहा पिऊन जातात. मला वाटीभर बाजरीचं पीठ दे. सुरतच्या पिठाचे रोटले थापताना चिरा पडतात."

फईने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आमच्याकडे मागितलेल्या पिठाला नाही म्हणत नाहीत. चेतनाभाभी आतून म्हणाली, "मासी, संपलं हो." तिसरा डबा ओट्यावरच होता. वसनमासीने डब्याकडे पाहिलं, चेतनाभाभीकडे पाहिलं, फईकडे पाहिलं, आणि गावाकडच्या सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी करून उठली.

फई रात्रभर त्यावर विचार करत होती, असं ती मला सकाळी म्हणाली. पीठ मला संपवायला हवं म्हणून ठेवलं, की चिकटपणा केला? चेतना चिकट नाही. मग काय?

दहा-बारा दिवसांनी पिठाला कडवटपणा आला. आधी कुणी काही बोललं नाही. एका दुपारी रसिकने वांग्याच्या भरताबरोबर पहिला घास घेतला, चावला आणि म्हणाला, "रोटला कडू लागतोय."

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

"कडू आहे."

"हाताला मेथी लागली असेल," चेतनाभाभी म्हणाली.

"मेथी आणली कधी?"

"जेव रे," फई म्हणाली. त्याने जेवण पुरं केलं. संध्याकाळी पाण्याची बाटली घ्यायला मी फ्रिज उघडला, तर आत उरलेला डबा होता. फईनेही तो पाहिला होता. "फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे काय रे?" तिने मला विचारलं. "अजून टिकवायचंय, की उंदीर लागू नयेत?"

पाचव्या मजल्यावर उंदीर नाहीत. पण मी तसं म्हणालो असतो तर तिने त्याचाही अर्थ विचारला असता.

दुसऱ्या सकाळी तिने जाहीर केलं, "उद्या निघते म्हणते."

चेतनाभाभी म्हणाली, "असं कसं? उद्या अमावास्या आहे." अमावास्या होऊन गेली होती. मग आपल्या मुलीला पुढे केलं, "परवा ध्वनीची शाळेत स्पर्धा आहे, आजी नको का?" मग, "तुम्हाला माझी शपथ आहे बा." आणि आत जाऊन फईच्या चपला कपाटावर ठेवून आली.

हे पाहून कुणालाही वाटेल की झालं, उत्तर मिळालं. पण चेतनाभाभी सगळ्यांनाच शपथ घालते. विम्याच्या एजंटाच्या चपला तिने एकदा गच्चीत लपवल्या होत्या, तो बिचारा दुसऱ्या घरची वेळ देऊन आला होता. तिच्या माहेरीच तशी रीत आहे. तिच्या आईने व्याह्यांच्या स्कूटरची किल्ली पिठात पुरल्याची गोष्ट आमच्याकडे प्रसिद्ध आहे.

फईने मला जिन्यात गाठलं. "ती गॅसवाल्यालासुद्धा शपथ घालते," ती म्हणाली. "मग मला घातली त्यात किती खरी?"

"बाकीच्यांना घालते त्यापेक्षा जास्त आहे का, ते बघावं लागेल."

"मग बघ."

"कसं?"

"आज जेवायला ये. आणि लवकर निघतो म्हण. मी बघते तुला किती थांबवते."

मी गेलो. पंधरा मिनिटं बसलो आणि म्हणालो, "भाभी, निघतो, काम आहे."

"असं कसं मयूरभाई? जेवल्याशिवाय?"

"खरंच काम आहे."

"तुम्हाला माझी शपथ आहे."

फई भिंतीला टेकून आमच्या दोघांकडे परीक्षकासारखी बघत होती. मी पुन्हा म्हणालो, निघतो. चेतनाभाभीने माझे बूट उचलले आणि आत नेले. मला दोन कडू रोटले खावे लागले, वर गूळ आणि तूप. बूट मागायचं धाडस झालं नाही, मी मोज्यांवर घरी गेलो.

फई मागोमाग वर आली. तिचा चेहरा उतरला होता. "तुलासुद्धा शपथ घातली," ती म्हणाली.

"पण माझ्यासाठी अमावास्या काढली नाही."

तिने जरा विचार केला. "तू वरच्या मजल्यावर राहतोस. तुझ्यासाठी अमावास्या कशाला काढेल?"

ती पीठ संपल्यावरच गेली. शेवटचा रोटला तिने आणि चेतनाभाभीने अर्धा अर्धा खाल्ला, त्याच्यावर लसणाची चटणी जरा जास्तच घालून. जाताना चेतनाभाभीने पिशवीत नानखटाई भरली, दोन साड्या भरल्या आणि फईच्या गुडघ्यांसाठी तेल. बसजवळ दोघी रडल्या. हिराबागला संध्याकाळी गावाकडच्या बसजवळ सगळेच रडतात, त्यामुळे फईला त्यातूनही काही काढता आलं नाही. खिडकीतून तिने मला एवढंच सांगितलं, "म्हैस असती तर सोपं होतं."

आठवड्याने मी चेतनाभाभीला सरळ विचारलं. ती कपडे वाळत घालत होती.

"भाभी, त्या दिवशी सगळी बाजरी का दळलीत?"

तिने चिमटा तोंडात धरला होता, तो काढला. "बांनी दाणे आणले तेव्हा मला वाटलं, राहायला आल्या. मी मनातल्या मनात बाल्कनीत पडदा लावून त्यांची खाटसुद्धा टाकली. मग म्हणाल्या, पट्टा तुटला. म्हणजे राहायला नव्हत्या आल्या. पट्टा तुटला नसता तर पीठच आणलं असतं, आठवड्याचं."

"मग?"

"मग मी सगळं दळलं. एवढं पीठ टाकून त्या जाणार नाहीत, हे मला माहीत होतं. खाऊन संपेपर्यंत तरी राहतील." तिने रसिकचा शर्ट झटकला. "पण त्या खातच सुटल्या. एवढी कसली घाई होती त्यांना? आणि वसनमासीला वाटी दिली असती तर अजून एक दिवस कमी झाला असता."

"त्यांना सांगितलंत का हे?"

"असं कसं सांगू? सांगून थांबल्या तर त्यात काय. तुम्हीही सांगू नका हं. तुम्हाला माझी शपथ."

मी त्याच संध्याकाळी फईला फोन केला. भाभीच्या शपथेचं वजन मला आता माहीत होतं. सगळं सांगितलं, खाट, पडदा, वसनमासीची वाटी, जसं ऐकलं तसं. झोपाळ्याच्या कड्या वाजत होत्या, त्या थांबल्या.

"तू विचारलंस म्हणून म्हणाली," ती शेवटी म्हणाली.

"नाही फई, खरंच."

"तू तिच्या घरात उभा राहून विचारणार, सासूला का घालवलंस, तर सून काय म्हणेल? हेच म्हणेल. मीसुद्धा माझ्या सासूबद्दल हेच म्हणायचे."

"आणि ते खोटं असायचं?"

फईचा झोपाळा पुन्हा वाजू लागला. मग म्हणाली, "पडद्याचं खरं असेल का रे? पडद्याचं कुणी उगाच कशाला बोलेल?" मी म्हणालो, मलाही तसंच वाटतं. "तुझ्या वाटण्याला काय," ती म्हणाली. मग बराच वेळ गावच्या थंडीबद्दल बोलली, दिराने म्हशीला नीट ठेवलं नाही त्याबद्दल बोलली, आणि पट्ट्याबद्दल. "तिला खरं वाटलं, पट्टा तुटला? एवढ्या वर्षांत आपल्या गिरणीचा पट्टा कधी तुटलाय? विचारायचं होतं ना तिने."

"तुम्ही सांगायचं होतं."

"मी कशी सांगणार?"

चेतनाभाभी तिला एक दिवसाआड फोन करते. कधी येताय, हे विचारायला आमच्याकडे मनाई नाही, ते ती दर वेळी विचारते. परवा फई मला म्हणाली, होळी झाली की येते. मी म्हणालो, बरं. तिने फोन ठेवला नाही. मागे गिरणी चालू होती, तिचा धडधडणारा आवाज मला इथे ऐकू येत होता.

"मयूर," ती म्हणाली, "तिला एक विचारून सांगशील? माझं नाव घेऊ नकोस, असंच बोलता बोलता विचार."

"काय विचारू?"

"या खेपेला पीठ आणू, की दाणे?"